वाट पाहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता २७, यशया ४०:२७-३१, लूक १८:१-८, प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७, याकोब ५:१-११





गेल्या उन्हाळ्यात मुरुम परिसरातल्या एका पारधी वस्तीवर मी एका बाईला एक वाक्य बोलले. तिने जे उत्तर दिले, त्यातून हा पाठ तयार झाला आहे. तिची मुलगी दहावी पास झाली होती. त्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. पुढे शिकायचे तर वसतिगृह हवे, वसतिगृहासाठी जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी कागद हवेत. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून घराणे याच राज्यात राहत होते, असा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा पालात जन्मले, पालातच वारले, ज्यांनी शाळेची पायरी पाहिली नाही आणि ज्यांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, त्यांनी १९५० चा कागद आणायचा कुठून?

तरी ती बाई कचेरीच्या फेऱ्या मारत होती. एसटीने जायचे, दिवसभर थांबायचे, संध्याकाळी परत यायचे. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडायची. कधी साहेब बैठकीला गेलेले, कधी एक झेरॉक्स कमी, कधी “सोमवारी या.” सातव्या फेरीनंतर ती माझ्यासमोर बसली होती. मी थकलेली होते आणि सवयीने बोलून गेले, “बाई, धीर धरा. देवावर सोडा. त्याच्या वेळेला होईल.”

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “ताई, धीर तर आम्ही आज्या-पणज्यापासून धरलाय. तुम्ही काय धरता?”

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन पवित्र शास्त्र उघडले. देवाची वाट पाहण्याविषयी मी कितीतरी वेळा बोलले आहे, अगदी उपासनेतही. पण मी जे बोलत होते ते शास्त्रातले होते, की नुसती समजूत घालण्याची सवय होती, हे मला तपासायचे होते.

धीर धरायला कोण कोणाला सांगतो?

आधी त्या बाईच्या वाक्याचा अर्थ समजून घेऊ. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात कित्येक जमाती पुढे जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. मूल जन्मले की गुन्हेगार! हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. आपल्या शेजारी सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत ठेवले होते. आपण मंडळीच्या लोकांनी हेही जाणले पाहिजे, की त्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तिथे शाळा चालल्या, दवापाणी झाले, चांगल्या मनाने काम करणारेही होते. पण कुंपण कुंपणच होते. आत असलेल्या माणसाला “सुधारेपर्यंत थांब” असे सांगणाऱ्यांत आपलाही आवाज होता.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. म्हणून भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, संशय राहिला. अजूनही गावात चोरी झाली की पहिली नजर पालाकडे वळते. अशा माणसाला आपण “धीर धर” म्हणतो, तेव्हा ते शब्द त्याने कुठल्या कुठल्या तोंडून ऐकले असतील, याचा आधी विचार करायला हवा.

याकोबाने हा विचार केलेला दिसतो. त्याच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात शेतकऱ्याचे उदाहरण आहे, ते आपण नेहमी वाचतो. पण आपण वाचन बहुधा ७ व्या वचनापासून सुरू करतो. पहिली सहा वचने कोणासाठी आहेत पाहा. ती श्रीमंतांसाठी आहेत. शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे याकोब त्यांना बजावतो. हे सांगून झाल्यावरच तो मजुरांकडे वळतो आणि धीराविषयी बोलतो. आधी अडवणाऱ्याला जाब, मग अडलेल्याला धीर. मी त्या बाईला धीर सांगितला, पण अडवणाऱ्याला एक शब्द विचारला नव्हता. माझी चूक तिथे होती.

पालात वाचलेले स्तोत्र

पुढच्या आठवड्यात मी वस्तीवर स्तोत्र २७ घेऊन गेले. दाखल्याच्या कामाला आमची धर्माची अट नसते. ज्यांना ऐकायचे ते बसतात, बाकीचे आपल्या कामाला जातात. त्या संध्याकाळी दहा-बारा जण बसले होते.

हे स्तोत्र आपण दिलासा म्हणून वाचतो. तिथे ते वेगळेच ऐकू आले. दावीद म्हणतो की वैरी अंगावर चालून आले आहेत. दहाव्या वचनात आईबापांनीही टाकल्याची गोष्ट आहे. बाराव्या वचनात तो सांगतो की माझ्याविरुद्ध खोटे साक्षीदार उभे राहिले आहेत. इथे एक म्हातारे बाबा मान वर करून म्हणाले, “हा आमच्यातलाच दिसतोय.” सगळे हसले. मीही हसले, पण ते खरे होते. खोट्या साक्षीवर तुरुंगात गेलेला माणूस त्या बैठकीत होता.

मग आम्ही तेराव्या वचनाशी थांबलो. दावीद म्हणतो की देवाचा चांगुलपणा मी जिवंतांच्या भूमीत पाहीन, हा माझा विश्वास आहे. म्हणजे मेल्यावर स्वर्गात मिळेल, एवढ्यावर तो समाधान मानत नाही. त्याची आशा इथली आहे, याच मातीवरची. दाखला, घर, शाळा, निर्धास्त झोप, हे सगळे त्या आशेत बसते.

शेवटचे चौदावे वचन नीट पाहावे. त्यात देवाची वाट पाहण्याची आज्ञा दोनदा येते, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. मधे आहे हिंमत. मला वाटायचे, हिंमत असेल तर माणूस वाट पाहू शकतो. स्तोत्र सांगते की देवाची वाट पाहण्यातूनच हिंमत येते, आणि ती आली की माणूस पुन्हा वाट पाहायला उभा राहतो. धीर आणि धैर्य या दोन गोष्टी देवाने वेगळ्या दिलेल्याच नाहीत. आपण मात्र गरिबाला धीर सांगतो आणि धैर्य शूरासाठी राखून ठेवतो.

फास आणि दोरी

धर्मशास्त्राच्या डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, की या वचनातल्या वाट पाहण्याच्या इब्री शब्दाचा संबंध काही अभ्यासक दोरीशी जोडतात. पेड पिळून, ताणून केलेली दोरी. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत लिहिले. त्याचा अर्थ मला कळला तो त्या बाबांकडून.

फासेपारधी हे नावच फासावरून पडले. शिकार आता कायद्याने बंद आहे. पण बाबांनी लहानपणी आपल्या वडिलांना तित्तरासाठी फास लावताना पाहिले होते. मी विचारले, “बाबा, फास लावून किती वेळ वाट बघायचे?” ते म्हणाले, “वेळ मोजायचा नसतो. पण झोपायचं नसतं. दोरी हातात असती. जरा हिसका बसला की कळाया पायजे.”

माझा इब्रीचा धडा त्या दिवशी पुरा झाला. रिकाम्या हाताने बसून वेळ जाऊ देणे वेगळे आणि दोरी हातात धरून जागे राहणे वेगळे. देवाची वाट पाहणाऱ्याच्या हातात त्याच्या वचनाची दोरी असते. त्याचे लक्ष तिच्यावर असते. म्हणून योग्य वेळ आली की तो उठतो.

शेतकऱ्याचेही तेच. आपल्याकडे मृगाचा पाऊस लांबला तर माणूस आभाळाकडे पाहतो, हे खरे. पण तोवर नांगरट झालेली असते, कुळवाच्या पाळ्या झालेल्या असतात, बियाणे घरात असते. पाऊस पाडणे त्याच्या हातात नाही, रान तयार ठेवणे आहे. याकोबाचा शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. आपल्याला तो मृगाचा आणि हस्ताचा म्हणून सहज समजेल. रान न नांगरता पावसाची वाट पाहणाऱ्याला मात्र आपल्या गावात कोणी धीराचा माणूस म्हणत नाही.

“साहेब आले की बघू”

कचेरीत थांबलेल्या माणसासाठी पवित्र शास्त्रात एक अगदी जवळची गोष्ट आहे. प्रेषित पौल कैसरियात कैदेत होता. सुभेदार फेलिक्सने त्याचे प्रकरण ऐकले आणि सरदार लुसिया आला की निकाल देऊ म्हणून पुढे ढकलले. नंतर पौल त्याच्याशी न्यायाविषयी आणि पुढे होणाऱ्या निवाड्याविषयी बोलला, तेव्हा फेलिक्स घाबरला आणि सवड झाली की बोलावीन म्हणाला. लूक यापुढे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. पौलाकडून पैसे मिळतील अशी फेलिक्सला आशा होती आणि म्हणून तो त्याला वरचेवर बोलावत असे. अशी दोन वर्षे गेली. फेलिक्सची बदली झाली, पण पौल कैदेतच राहिला.

या दोन वर्षांत पौलाने पैसे दिले नाहीत आणि तोंडही बंद ठेवले नाही. ज्याच्या हातात त्याची सुटका होती, त्यालाच त्याने न्यायाविषयी ऐकवले. आणि पुढे नव्या सुभेदारापुढे, फेस्तापुढे, वेळ आली तेव्हा त्याने रोमी नागरिकाचा हक्क वापरून कैसराकडे दाद मागितली (प्रे. कृ. २५:११). देवावर भरवसा ठेवणारा माणूस कायद्याचा हक्क वापरतो, तेव्हा त्याचा विश्वास कमी होत नाही. देवाने त्याच मार्गाने पौलाला रोमला पोचवले.

हे वस्तीवर सांगून झाल्यावर मी विधवेच्या गोष्टीकडे वळले आणि म्हणाले, “येशूने यावर एक दाखला दिला.” सगळ्यांच्या माना वळल्या. कोणाला दिला, कधी मिळाला! मग लक्षात आल्यावर हशा पिकला. पण लूक १८ मधली ती विधवा दाखल्यासाठी फिरणाऱ्या बाईची सख्खी बहीण वाटावी अशीच आहे. तिच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, पाठीशी माणूस नाही. समोरचा न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. तिच्याकडे एकच गोष्ट आहे, ती पुन्हा येते. येशूने ही गोष्ट कशासाठी सांगितली, ते लूक पहिल्याच वचनात देतो. सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये, यासाठी. प्रार्थनेचे चित्र म्हणून येशूने डोळे मिटून बसलेला माणूस दाखवला नाही, दारात परत परत उभी राहणारी बाई दाखवली. मात्र देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हेही तो त्याच दाखल्यात सांगतो. कचेरीचे दार ठोठावताना आपण थकतो. देवाच्या दारात तेच थकलेले मन घेऊन जातो आणि तिथून उद्याचे बळ घेऊन निघतो.

मुक्तीमधले सहा महिने

आपल्या मराठी मंडळीत हा धडा पंडिता रमाबाईंनी जगून दाखवला. कोवळ्या वयात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. भुकेत वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षांसाठी मदतीचे वचन दिले होते. दहा वर्षांनंतर काय? रमाबाईंनी प्रार्थना केली आणि पुण्याजवळ केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली, पुढे उत्पन्न यावे म्हणून. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना वाचवून घेऊन आल्या. त्या मुलींना टेकायला जागा मिळाली ती याच जमिनीवर.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुक्तीमध्ये रोज संजीवनासाठी प्रार्थना सुरू केली. मुली जमू लागल्या, संख्या वाढत गेली. जून संपत आला तेव्हा पवित्र आत्म्याचे ते कार्य झाले, ज्याची आठवण मराठी मंडळी आजही काढते. मधल्या सहा महिन्यांत मुक्तीतली चूल बंद नव्हती. दळण, स्वयंपाक, शाळा, विणकाम, शेत, आजाऱ्यांची सेवा, सगळे चालू होते. त्याच काळात त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम हाती धरले होते, साध्या बाईलाही कळावे म्हणून. ते पुढे कितीतरी वर्षे चालले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांच्या वाट पाहण्यात हात कधी रिकामे नव्हते.

आता आम्ही काय धरतो?

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे होते. पुढच्या फेरीला मी तिच्याबरोबर एसटीत बसले. त्यानंतर तिला एकटीला जाऊ द्यायचे नाही असे आम्ही ठरवले. मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अर्ज नीट लिहून दिला. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायला आम्ही शिकलो. कागद नसेल तर वस्तीवर येऊन गृहचौकशी करावी, अशी लेखी विनंती केली. जुनी शाळा, जुनी दप्तरे शोधणे चालू आहे. निघण्याआधी वस्तीवर दोन मिनिटे प्रार्थना होते. एकदा मी घाईत विसरले, तर त्याच बाईने आठवण करून दिली.

हे लिहीपर्यंत दाखला हाती आलेला नाही. मुलीने नातेवाइकांकडे राहून अकरावीला नाव घातले आहे. देवाने अद्भुत केले, असे लिहायला मला आवडले असते, पण तसे अजून झालेले नाही. झाले आहे ते एवढे, की पूर्वी खिडकीपासून दूर भिंतीला टेकून उभी राहणारी ती बाई आता खिडकीपाशी जाते आणि विचारते, “साहेब, आमच्या अर्जाचं काय झालं? पोच हाय माझ्याकडं.” यशयाच्या ४० व्या अध्यायात लोकांची तक्रार आहे, की आमचा न्याय देवाच्या नजरेतून सुटला. त्यावर वचन मिळते ते वाट पाहणाऱ्यांच्या नव्या बळाचे. तिथला क्रम पाहा. आधी गरुडासारखे उडणे, मग धावणे आणि सगळ्यात शेवटी चालणे, न थकता. आम्हाला या वर्षी उडता आले नाही. धावताही आले नाही. चालण्याचे बळ मात्र रोज मिळाले.

शेवटी आपल्याशी, या कामाला हातभार लावणाऱ्यांशी थोडे. आमच्या त्रैमासिक अहवालात ‘निष्पत्ती’ असा एक रकाना असतो. या कामापुढे या वेळी मी शून्य लिहिले आहे. ते शून्य पाहून आपण निराश होऊ नये. पेरलेल्या रानातही काही दिवस वरून काहीच दिसत नसते. आपणही आमच्याबरोबर वाट पाहत आहात, दोरी हातात धरून.

कुटुंबप्रार्थनेत चर्चेसाठी

१. मी शेवटचे “धीर धरा” कोणाला म्हणाले किंवा म्हणालो? त्यानंतर त्या माणसासाठी मी काय केले?

२. माझ्या एखाद्या दिरंगाईमुळे कोणी वाट पाहत बसले आहे का? कामवाली, मजूर, भाडेकरू, माझ्या टेबलासमोरचा माणूस?

३. मी देवाकडे जे मागत आहे, त्यासाठी रान तयार आहे का?

प्रार्थना

हे देवबापा, तू आमची वाट पाहतोस, तरी कंटाळत नाहीस. ज्यांना माणसांनी ताटकळत ठेवले आहे त्यांच्या बाजूला तू उभा आहेस, हे आम्हाला विसरू देऊ नको. त्यांना धीर सांगण्याआधी त्यांच्याबरोबर चालायला आम्हाला शिकव. खिडकीच्या आत बसलेल्यांना तुझे भय आणि माणसाची कणव दे. या मुलीचे शिक्षण थांबू देऊ नको. आणि तुझा चांगुलपणा आम्हा सर्वांना याच भूमीत पाहू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.